भुईचाफ्याचा तांब्या

डॉक्टरांनी आज्जीला दिवसाला एक लीटर पाणी ठरवून दिलं, तेव्हा ती म्हणाली, "येवढं तर मी आंघुळीआदी पिती."

२०२३ च्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांत आज्जीला आडवं झालं की धाप लागायला लागली. रात्रभर ती सोप्यात भिंतीला टेकून बसून राहायची. पायांवर सूज होती, पण ती आम्हाला दाखवली नव्हती. कोल्हापूरला नेलं, सहा दिवस दवाखान्यात ठेवलं. टू-डी इकोत हृदयाचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलेलं दिसलं. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. मीठ कमी. लघवीची गोळी रोज सकाळी. उठल्याउठल्या वजन करायचं, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा. चौथी गोष्ट पाण्याची. सगळं मिळून एक लीटर. सगळं म्हणजे चहा, ताक, आमटीचा रस्सा आणि गोळी गिळताना घेतलेला घोटसुद्धा.

मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. वरिष्ठांशी बोलून काही महिने मुरगूडहून काम करायची परवानगी काढली. आई अंगणवाडीत जाते, पप्पांचा दिवस उसात आणि कित्येकदा रात्रही, कारण शेतीच्या मोटारीची लाइट रात्रीची असते. कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झालेला, हमीदवाड्याच्या रस्त्यानं ट्रॅक्टर धडधडत जात होते. घरात बसून लॅपटॉप उघडणारी मी एकटीच. म्हणून आज्जीचं पाणी माझ्याकडं आलं.

इंजिनिअरच्या हातात कुठलीही गोष्ट आली की तिचं जे होतं तेच याचं झालं. मी स्प्रेडशीट केली. घरातली सगळी भांडी मोजली. चहाची कपबशी १२० मिली, फुलपात्र १८०, आमटीची वाटी १००. सकाळी एक लीटरची बाटली भरून ठेवायची. आज्जीनं जे काही प्यायलं तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, म्हणजे किती उरलं हे तिला डोळ्यांनी दिसेल. मला ही युक्ती फार आवडली होती. आज्जी त्या बाटलीकडं पाठ करून बसायची.

आज्जीनं तक्रार केली नाही. तिनं एकच मागणी केली. "भुईचाफ्याला पानी मी घालनार. त्येला हात लावायचा न्हाई कुनी."

आमच्या घरामागच्या परड्यात एक जुना फणस आहे. त्याच्या सावलीत, दगड मांडून केलेल्या आळ्यात आज्जीचा भुईचाफा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तिनं तो माहेराहून आणला. माहेर भुदरगडात, पाटगावच्या वरच्या अंगाला, जिथून वेदगंगा खाली येते. "नदी आली तशी मी आली, आनि मागनं ह्यो आला," असं ती सांगायची. धुण्याचा दगड, शेळी, मी, माझा भाऊ, सगळ्यांनी त्या परड्यात कधी ना कधी जागा बदलली. भुईचाफ्याचं आळं मात्र तिथंच आहे.

नावात चाफा असला तरी याचं सोनचाफ्याशी किंवा देवचाफ्याशी काही नातं नाही. हा हळदीच्या आणि आल्याच्या घरातला. मूळचा झाडांखालचा, रानातल्या सावलीचा. पावसाळ्यात त्याला लांबट पानं येतात. वरून हिरव्यावर रुपेरी नक्षी, खालून जांभळी. लहानपणी पान उलटं करून बघायचा मला नाद होता आणि त्यासाठी मी आज्जीचा मारही खाल्लाय. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडतात, मग वाळून मातीला मिळतात. त्यानंतर आळं नुसतं आळं राहतं. तिथं काही आहे हे माहीत नसलेला माणूस त्यावर खुशाल पाय देऊन जाईल. आणि मग ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट मातीतून फूल वर येतं.

हे सगळं मी लहानपणापासून बघितलं होतं. पण बघणं वेगळं आणि त्याला कधी किती पाणी लागतं हे ठाऊक असणं वेगळं. अठराव्या वर्षी मी शिकायला बाहेर पडले आणि त्याआधी परड्यातलं पाणी हे माझं काम कधीच नव्हतं. आईही त्या आळ्याच्या वाटेला जात नसे. सासूची वस्तू होती ती.

त्यामुळं आज्जी दुपारी पितळेचा तांब्या भरून परड्यात निघाली तेव्हा मी एवढंच विचारलं, "पानं तर गेली की गं सगळी?"

"पानं गेली. मुळं हाईत न्हवं खाली? त्यास्नी तहान लागत न्हाई व्हय?"

पटलं मला. उलट बरं वाटलं. दवाखान्यातून आल्यापासून ती नुसती बसून होती, निदान परड्यापर्यंत चालेल तरी. तांब्यातलं पाणी तिच्या हिशोबात चुकून धरलं जाऊ नये म्हणून मी शीटमध्ये एक वेगळा रकाना केला. 'भुईचाफा, १ तांब्या.' तांब्या मोजला, ८५० मिली. रोज दुपारी अडीचला माझी मीटिंग असायची. ती सुरू झाली की मागच्या दाराची कडी वाजायची, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा वाजायची. मी हेडफोन काढून रकान्यात १ लिहायची.

पौषात तिचं वजन वाढायला लागलं.

घरी आली तेव्हा ५४ किलो होती. संक्रांतीला ५५ च्या पुढं गेली. दोन दिवसांत दोन किलो असं कधीच झालं नाही, आठवड्याला थोडं थोडं. पायाच्या नडगीवर बोट दाबलं की खळगा राहायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. फोनवर डॉक्टरांनी गोळी वाढवली. आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. तपासायला नेलं तर त्यांनी विचारलं, "पाणी मोजून देताय ना?" मी मोबाइलवर शीट उघडून त्यांच्यापुढं धरली. एकाही दिवशी एक लीटरच्या वर आकडा नव्हता. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मग मिठाकडे बघा."

मी मिठाकडे बघायला लागले, म्हणजे आईकडे बघायला लागले. आमच्याकडं खर्डा, पापड, लोणचं याशिवाय ताट पूर्ण होत नाही. आज्जीचं जेवण आई वेगळं शिजवत होती, अंगणवाडीला जायच्या आधी, पहाटे उठून. तरी मी आमटीची चव घेऊन बघायला लागले. एकदा म्हणाले, "आई, तू हातानं मीठ टाकतेस, चमच्यानं का मोजत नाहीस?" आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मिठाचा डबाच माझ्या टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी आणून ठेवला. "तूच टाक," म्हणाली. दोन आठवडे आम्ही दोघी कामापुरतं बोलत होतो. आज्जी हे सगळं सोप्यात बसून बघत होती.

कोड चुकतो तेव्हा आम्ही लॉग बघतो. लॉग म्हणजे प्रोग्रॅमनं स्वतःच लिहून ठेवलेली रोजनिशी. नवीन माणसाला पहिल्यांदा शिकवलं जातं की लॉगवर विश्वास ठेव, अंदाजावर नको. त्यातली मेख कळायला चार-पाच वर्षं जातात. लॉगमध्ये घडलेली गोष्ट नसते. कुणीतरी लिहायला सांगितलेली गोष्ट असते.

माघ संपत आलेला. महाशिवरात्र आठवड्यावर. आज्जीच्या पायाची सूज बघून शेजारच्या काकी म्हणाल्या, "भुईचाफ्याचा गड्डा उगाळून लावा की. आमची सासू लावायची सुजंला." हा उपाय जुना आहे, मुका मार, सूज, जखम यांवर त्या कंदांचा लेप देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. हृदयाच्या दुखण्यानं आलेली सूज काही लेपानं उतरत नाही हे मला माहीत होतं. पण लेप लावून नुकसान तरी काय, म्हणून मी खुरपं घेतलं.

"आत्ता नगं उकरूस," आज्जी एकदम म्हणाली. "झोपलाय त्यो."

"कडेचा एकच काढतो गं."

(आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी काढतो' म्हणतात. पुण्यात आठ वर्षं काढून माझं ते सुटलंय, पण खुरपं हातात आलं की परत येतं.)

"नगं म्हनलं न्हवं!"

तिचा आवाज इतका चढला की काकी माझ्याकडं बघायला लागल्या. तोवर मी आळ्यात बसले होते. खुरपं पहिल्यांदा मारलं तर खणकन वाजलं. माती दगडासारखी होती. वरचा पापुद्रा निघाला आणि खाली भुरभुरीत, पीठ व्हावी अशी कोरडी माती. दहा बोटं खोल गेले तरी ओलाव्याचं नाव नाही. मुळांना लटकलेल्या त्या बारक्या गाठी मात्र टणक, भरलेल्या, शेंगदाण्यासारख्या पांढुरक्या.

नव्वद दिवस. रोज ८५० मिली. पंचाहत्तर लीटरच्या वर पाणी त्या हातभर आळ्यात गेलं होतं, माझ्या शीटप्रमाणं.

मी वर बघितलं. आज्जी मागच्या दारात उभी होती आणि फणसाच्या शेंड्याकडं बघत होती. आळ्यापासून चार पावलांवरची जास्वंद तेवढी त्या सबंध परड्यात हिरवीगार होती.

काकींसमोर मी काही बोलले नाही. एक गाठ काढली, माती परत लोटली, हात धुतले. रात्री भुईचाफ्याबद्दल वाचत बसले. जे कळलं ते आज्जीला साठ वर्षांपासून ठाऊक असणार. पानं गळली की या झाडाचा वरचा सगळा कारभार बंद होतो. लागेल तेवढं पाणी आणि पिष्ट त्यानं त्या गाठींमध्ये आधीच साठवलेलं असतं. पानं नाहीत म्हणजे पाणी वर ओढणारं कुणी नाही. अशा वेळी पाणी घातलं तर ते मातीत नुसतं साचतं आणि कंद कुजतो. पानझडीच्या रानात हिवाळ्यात पाऊसच नसतो, म्हणून झाडाला तसंच जगायची सवय. कुंडीत किंवा आळ्यात हा भुईचाफा मरतो तो बहुतेक वेळा माणसाच्या मायेनं. आता मेला वाटतं, थोडं पाणी घालून बघू, असं कुणालातरी वाटतं म्हणून.

आज्जीनं त्याला तीन महिन्यांत एक थेंब दिला नव्हता. तिनं तिचं झाड नीट सांभाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आई भाजीला गेली होती. मी आज्जीजवळ बसले आणि काय विचारायचं ते ठरवत होते, तर तीच म्हणाली, "आर्धाच पीत हुती. आर्धा जास्वंदीला."

"आज्जी, मी आईला काय काय बोलले मिठावरनं."

"ऐकलंय मी."

"मग बोलली का नाहीस?"

बराच वेळ ती गप्प होती. मग जे बोलली ते मी जसंच्या तसं त्याच रात्री लिहून ठेवलं. स्प्रेडशीटमध्ये नाही, वहीत. "ह्या घरात आली तवा नळ नव्हता. नदीवरनं पानी आनायची मी. डोक्यावर दोन, काखंत एक. सगळ्यांच्या आंघुळी, म्हसरं, सैपाक. दारात आल्याला मानूस पानी पिल्याबिगार गेला न्हाई कदी. कुनाला इचारलं न्हाई, किती पिलास म्हनून. आनि आता माजं पानी तुज्या वहीत."

मी काहीतरी सांगायला लागले, हृदय, फुप्फुसं, पाणी साचतं, वगैरे. तिनं हात वर केला. "ते कळतंय मला. मरायचं न्हाई मला आत्ताच. पन तहान लागल्यावर नातीकडं बघावं लागतं. ते न्हाई सोसत."

उन्हाळ्यात पाणपोई घालणारं, अक्षय्यतृतीयेला पाण्यानं भरलेला घडा दान देणारं हे गाव. पाणी नाही म्हणणं हे आमच्याकडं भांडणातलं शेवटचं टोक असतं. आणि मी ते रोज, अगदी सभ्यपणे, रंगीत रकान्यांत करत होते. बाटलीतून तिच्या देखत पाणी ओतून टाकत होते. त्यातलं काहीही चुकीचं नव्हतं. डॉक्टर बरोबर होते, आकडे बरोबर होते, भांड्यांची मापंसुद्धा बरोबर होती. पण तीन महिन्यांत एकदाही मी तिला विचारलं नव्हतं की यातलं कुठलं पाणी तुला कधी हवं असतं.

आई भाजी घेऊन आल्यावर मी तिला परड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिनं उकरलेली माती बघितली, जास्वंदीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं होतं मला सांगता येणार नाही. मिठाचा डबा माझ्या टेबलावरून तिनंच उचलून नेला. मी माफी मागितली, पण माफी मागून ते दोन आठवडे परत येत नाहीत.

डॉक्टरांना मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, असं पुष्कळ जण करतात म्हणाले. उन्हाळ्याचं म्हणून त्यांनी आणखी एक फुलपात्र वाढवून दिलं आणि गोळी बदलली. बाटली मी मोडीत टाकली. आज्जीनं स्वतःच्या माठाशेजारी एका ताटलीत चिंचोके मांडले. पाणी प्यायली की एक चिंचोका या ताटलीतून त्या ताटलीत. चहाचा एक, फुलपात्राचा दीड, दीडासाठी अर्धा फोडलेला चिंचोका. हिशोब तिचा. संध्याकाळचा एक कप चहा तिनं स्वतःहून बंद केला, कारण तेवढ्या जागेत माठातलं गार पाणी बसत होतं. मला कधी सुचलं नसतं. माझ्या शीटमध्ये चहा आणि पाणी दोन्ही मिलीलीटरच होते. मी फक्त वजन लिहायची. पाडव्यापर्यंत ते ५५ च्या खाली आलं.

पाडवा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी आज्जीनं हाक मारली. आळ्यात, मी खुरपं मारलं होतं त्याच्या वीतभर अलीकडं, भेगाळलेल्या मातीतून दोन फुलं वर आली होती. दांडा जवळजवळ नाहीच, मातीवर कुणी आणून ठेवावीत तशी. वर दोन पांढऱ्या पाकळ्या, खाली जांभळसर, मधोमध चिरलेली ओठासारखी पाकळी. वनस्पतिशास्त्र सांगतं की या दिसतात त्या खऱ्या पाकळ्याच नव्हेत, पुंकेसरांचं रूप बदलून त्या झालेल्या असतात आणि खऱ्या पाकळ्या मागं सुतळीसारख्या बारीक असतात. वास घ्यायला गुडघे टेकून, जवळजवळ कपाळ मातीला लावावं लागतं. आज्जीला आता वाकता येत नव्हतं. मी फूल तोडायला हात पुढं केला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. येका दिसाचं हाय. मला हितनं येतोय वास."

संध्याकाळपर्यंत ती दोन्ही फुलं मिटून लोळली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी तिसरं आलं.

"आता घाल पानी," आज्जी म्हणाली. "तांब्याभर न्हवं. वंजळभर."

मग तिनं मला त्याचं सगळं वर्ष सांगितलं, क्रमानं, एकदाच. फूल दिसलं की ओंजळभर, दोन दिवसांआड. पानाची सुरळी वर आली की तांब्या, सकाळचा, फणसाची सावली सरकायच्या आत. वळीव पडला तर त्या दिवशी नाही. मिरगाचा पाऊस लागला की आपण हात काढून घ्यायचा, मात्र आळ्याच्या खालच्या अंगाचा एक दगड सरकवून ठेवायचा, पाणी तुंबता कामा नये. गणपती उठले की ऊन बघायचं आणि माती बोटानं चाचपून गरज असेल तरच घालायचं. दसऱ्यानंतर निम्मं करायचं. पान पिवळं दिसलं की बंद. "मग त्यानं मागितलं तरी द्याचं न्हाई," असं म्हणून ती माझ्याकडं बघून हसली.

जून उजाडल्यावर मी पुण्याला परत आले. येताना तिनं चार गाठी फडक्यात बांधून दिल्या. माझ्या भाड्याच्या फ्लॅटची गॅलरी उत्तरेला आहे, ऊन जवळपास येत नाही. पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग झाला. कुंडीत तळाला विटांचे तुकडे, वर माती आणि कुजलेला पालापाचोळा. जुलैत तीन पानं आली, मी ती उलटी करून जांभळी बाजू बघितली. इथं मारणारं कुणी नव्हतं.

दिवाळीत ती पिवळी पडली. आता पौष आहे. कुंडी रिकामी दिसते. माझी रूममेट दोनदा विचारून गेली, यात काही नाहीये ना, पुदिना लावू का. कामाला येणाऱ्या मावशींनी तर एकदा जाताजाता मगभर पाणी ओतलंच. मी माती उकरून कोरडी होईपर्यंत दोन दिवस कुंडी घरात पंख्याखाली ठेवली आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली. 'पाणी घालू नये.' रोज येता-जाता ती चिठ्ठी दिसते आणि रोज ती जरा निष्ठुर वाटते.

आज्जीची तब्येत अधूनमधून खालीवर होते. पंपिंग काही वाढलेलं नाही, ते वाढणार नाही असंच गृहीत धरायला सांगितलंय. काल संध्याकाळी फोन केला तेव्हा तिनं आधी कुंडीची चौकशी केली.

"पानी घातलं न्हाईस न्हवं?"

"नाही."

"बरं केलंस."

मग थोडा वेळ दोघीही काही बोललो नाही. तेवढ्यात पलीकडं माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला, त्यापाठोपाठ फुलपात्र बुडवल्याचा. ती प्यायली. घोट मला ऐकू येत होते. मी मनात मोजायला लागले आणि मग मोजायचं थांबवलं. प्यायल्यावर ताटलीत चिंचोका पडल्याचा टक्कन आवाज येतो का, तेवढंच ऐकत राहिले.

आला. दीड होता की एक, ते फोनवरून कळलं नाही.